धमनीतलं हाड

कॅथलॅबच्या करड्या पडद्यावर डमरू दिसला, की आतली कुजबुज थांबते.

मनगटातल्या धमनीतून सरकवलेली केसासारखी तार हृदयापर्यंत पोचलेली असते. तारेवरून नेलेला चिमुकला फुगा ब्लॉकच्या बरोब्बर मध्ये बसलेला असतो. टेबलावरचा माणूस जागा असतो, छताकडे बघत असतो. डॉक्टर हातातला पंप पिळतात आणि फुग्यातला दाब चढत जातो: १२ अ‍ॅटमॉस्फिअर, मग १६, मग २०. मोटारीच्या चाकात आपण जेवढा दाब भरतो, त्याच्या साधारण नऊपट. वाहिनी केवढी, तर जेमतेम धण्याचा दाणा जाईल एवढी, तीन मिलिमीटर रुंद. इतक्या दाबालाही फुगा दोन्ही टोकांना टम्म फुगतो आणि कमरेत आवळलेलाच राहतो. अजून पिळावं, तर आधी फुगा फुटेल की धमनी, याची खात्री नाही.

हा डमरू इंग्रजी बोलणाऱ्या डॉक्टरांना कुत्र्याच्या तोंडातल्या हाडासारखा दिसतो आणि त्यांनी त्याला तसंच नाव दिलं आहे. नाव आकारावरून पडलं, पण ते आणखी एका अर्थानं खरं आहे. फुग्याची कंबर जे आवळून धरतं, ते खरोखरच हाडाच्या जातीचं असतं.

गिझरची कॉइल नव्हे

बोअरचं पाणी वापरणाऱ्या घरात गिझरची कॉइल काढून पाहिली, तर तिच्यावर पांढरा, खडबडीत थर चढलेला दिसतो. ‘ब्लॉकमध्ये कॅल्शियम आहे’ असं ऐकलं, की आपल्या डोळ्यांपुढे हेच चित्र येतं. रक्त वाहत राहिलं, क्षार साचत गेले, नळी चोंदली. वैद्यकातही बराच काळ साधारण असंच मानलं जाई. एकोणिसाव्या शतकात रुडॉल्फ फिर्खो या जर्मन शास्त्रज्ञानं मात्र सूक्ष्मदर्शकाखाली धमन्या न्याहाळून सांगितलं होतं, की काही ठिकाणी हा नुसता साका दिसत नाही, इथे हाड तयार होताना दिसतं आहे. त्याच्या या निरीक्षणाचा धागा नीट हाती लागायला शंभरावर वर्षं जावी लागली. १९९३ साली लॉस एंजेलिसमध्ये क्रिस्टिना बोस्ट्रॉम, लिंडा डेमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना माणसाच्या कडक झालेल्या धमनीत एक ओळखीचं प्रथिन सापडलं. आईच्या पोटातल्या बाळाची हाडं घडवण्यात ज्याचा हात असतो, तेच ते. ते इथे, रक्तवाहिन्यांच्या गावात, काय करत होतं?

ते हाडच घडवत होतं. धमनीच्या भिंतीत स्नायूपेशी असतात. आकुंचन-प्रसरण हे त्यांचं काम. कोलेस्टेरॉलचा साठा, वर्षानुवर्षांचा दाह, रक्तातली जास्तीची साखर, थकलेल्या मूत्रपिंडांमुळे वाढलेलं फॉस्फेट, अशा माऱ्यात यातल्या काही पेशी आपला धंदा बदलतात. शेतावरच्या गड्यानं एका सकाळी विळा टाकून थापी हातात घ्यावी आणि भिंत बांधायला लागावं, तशा त्या हाड बनवणाऱ्या पेशींसारखं वागू लागतात. त्यांनी रचलेलं खनिज हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइट, म्हणजे आपल्या दातांत आणि मांडीच्या हाडात असतं तेच. काही धमन्यांत तर तपासणाऱ्यांना हाडाच्या आतली मज्जासुद्धा आढळली आहे. तेव्हा घरातल्या ज्येष्ठांनी रात्रीचं दूध बंद करायची घाई करू नये. पेल्यातलं कॅल्शियम थेट जाऊन धमनीत बसत नाही. शरीर हे बांधकाम स्वतः काढतं, बहुधा जखमेची डागडुजी म्हणून.

डागडुजी म्हणण्यालाही आधार आहे. कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिन गोळ्या सुरू केल्या, की धमनीतलं कॅल्शियम पुष्कळदा थोडं वाढलेलं दिसतं, आणि तरी झटक्याचा धोका मात्र कमी होतो. मऊ, फुटू पाहणारा मेदाचा गोळा घट्ट होऊन बसतो. म्हणजे कॅल्शियम हा एकाच वेळी जुन्या लढाईचा व्रण असतो आणि आणखी लढाया चालू असल्याचा पुरावाही.

या व्रणाची मोजदाद करायची रीत १९९० साली मायामीच्या आर्थर अ‍ॅगॅटस्टन आणि वॉरन जॅनोविट्झ यांनी बसवून दिली. छातीचा सीटी स्कॅन काढायचा, हृदयाच्या धमन्यांवर पांढरे ठिपके शोधायचे, ठिपक्याचं क्षेत्रफळ आणि त्याची घनता यांचा गुणाकार करून सगळ्यांची बेरीज करायची. शून्य आलं तर निश्वास टाकावा. चारशेच्या वर गेलं तर धमन्यांत बरंच बांधकाम झालेलं आहे, असं समजावं.

पेरूच्या ममी आणि बोलिव्हियाचं जंगल

हा रोग आपल्या काळाचा, आपल्या खाण्यापिण्याचा, अशी समजूत २०१३ साली हलली. संशोधकांच्या एका गटानं जगाच्या चार भागांतल्या १३७ प्राचीन ममी सीटी स्कॅनच्या नळकांड्यातून नेल्या. त्यात ५१ ममी पेरूमधल्या होत्या, आणि त्यांपैकी १३ जणांच्या धमन्यांत हे खडे, किंवा त्यांच्या खुणा, सापडल्या. गाडी नाही, पाव-बिस्किटं नाहीत, सिगारेटचं पाकीट नाही, तरीही.

चारच वर्षांनी त्याच खंडातून नेमकं उलटं आश्चर्य आलं. बोलिव्हियाच्या अ‍ॅमेझॉन खोऱ्यात चिमाने नावाचे लोक राहतात. भात, केळी, कसावा, मका, नदीतले मासे आणि शिकार यांवर त्यांचं जगणं चालतं. पुरुष दिवसातले सहा-सात तास अंगमेहनतीत घालवतात. त्यांच्यापैकी ७०५ प्रौढांना होडीनं आणि गाडीनं त्रिनिदाद या बोलिव्हियातल्या गावी आणून त्यांचे स्कॅन काढले. शंभरातल्या ८५ जणांच्या हृदयाच्या धमन्यांत कॅल्शियमचा कणसुद्धा नव्हता. जगात आजवर मोजल्या गेलेल्यांत सर्वात स्वच्छ धमन्या म्हणून २०१७ साली त्यांची नोंद झाली. ऐंशीच्या चिमाने माणसाच्या धमन्या पन्नाशीतल्या अमेरिकन माणसासारख्या!

एकाच भूभागाच्या पोटात दोन्ही टोकं सापडतात. याच भूभागातून माणसं उत्तरेकडे अमेरिकेत गेली, की त्यांच्या सगळ्यांवर एकच चिठ्ठी लागते: हिस्पॅनिक किंवा लॅटिनो.

एका चिठ्ठीखाली किती माणसं

हिस्पॅनिक म्हणजे मुळात स्पॅनिश बोलणाऱ्या देशांशी नातं असलेला, लॅटिनो म्हणजे लॅटिन अमेरिकेतून आलेला. पोर्तुगीज बोलणारा ब्राझीलचा माणूस लॅटिनो असतो, हिस्पॅनिक नसतो. माद्रिदच्या माणसाचं उलटं. बहुतेक कागदांवर मात्र दोन्ही शब्द एकाच चौकटीत बसवलेले असतात. २०२० च्या जनगणनेत अमेरिकेत असे ६ कोटी २१ लाख लोक होते, म्हणजे दर पाचांतला जवळजवळ एक.

त्यांच्याबद्दलचं एक कोडं डॉक्टरांना १९८६ पासून छळतं आहे. त्या वर्षी किरियाकोस मार्किडीस आणि जीनीन कोराइल यांनी दाखवून दिलं, की अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडच्या राज्यांत राहणारे हिस्पॅनिक लोक गरीब, शिक्षण कमी, दवाखाना लांब, मधुमेह जास्त; पण मृत्यूंचे आकडे पाहावेत तर गोऱ्यांच्या बरोबरीचे. पुढे तर चित्र आणखी विचित्र झालं. २०१९ साली हिस्पॅनिकांचं सरासरी आयुर्मान ८१.९ वर्षं होतं, गोऱ्यांचं ७८.८. कुणी म्हणालं, स्थलांतर करतो तो मुळात धट्टाकट्टाच असतो. कुणी म्हणालं, हे लोक सिगारेट कमी ओढतात. कुणी एकत्र कुटुंबाला श्रेय दिलं. मग कोविड आला, आणि २०२० या एका वर्षात हिस्पॅनिकांचं आयुर्मान चार वर्षांनी खाली आलं. कत्तलखान्यांत, शेतात, स्वयंपाकघरांत राबणाऱ्यांना घरून काम करायची सोय नव्हती.

धमन्यांतही हेच कोडं दिसलं. २००० साली अमेरिकेत ‘मेसा’ नावाचा मोठा अभ्यास सुरू झाला. सहा ठिकाणचे, चार वंशगटांतले, ४५ ते ८४ वयाचे ६,८१४ लोक, सुरुवातीला हृदयरोगाचं एकही लक्षण नसलेले. सगळ्यांचे स्कॅन झाले. गोऱ्या पुरुषांपैकी ७० टक्क्यांच्या धमन्यांत कॅल्शियम मिळालं, हिस्पॅनिक पुरुषांपैकी ५६ टक्क्यांच्या. बायकांमध्ये हे आकडे ४५ आणि ३५. मधुमेह जास्त असूनही दगड कमी!

इथे थांबलं तर बातमी छान आहे. पण त्याच लोकांचा पाठपुरावा चालू राहिला आणि २००८ साली दुसरा निष्कर्ष आला. कॅल्शियम एकदा धमनीत बसलं, की ते चारही गटांत सारख्याच इमानानं धोक्याची सूचना देतं. स्कोअर तीनशेच्या वर गेलेल्या माणसाला हृदयविकाराचा धोका शून्यवाल्याच्या सुमारे दहापट, मग त्याचं आडनाव गार्सिया असो वा स्मिथ. गटाच्या सरासरीचा फायदा टेबलावर झोपलेल्या एकट्या माणसाला मिळत नाही.

आणि सरासरी तरी कुणाची? २००८ ते २०११ या काळात ब्रॉन्क्स, शिकागो, मायामी आणि सॅन दिएगोमधल्या १६ हजारांहून अधिक हिस्पॅनिकांची तपासणी झाली, तेव्हा चिठ्ठीखालची माणसं वेगवेगळी दिसू लागली. मेक्सिकोतून आलेल्यांत मधुमेह १८ टक्क्यांना, दक्षिण अमेरिकेतून आलेल्यांत १० टक्क्यांना. क्यूबाचे वेगळे, डोमिनिकनांचे वेगळे. पंजाबी, तमिळ आणि मालवणी माणसाला ‘भारतीय जेवण’ या एका पाटीखाली वाढावं, तसाच हा प्रकार.

आपल्यावरही तिथे अशीच चिठ्ठी लागलेली आहे: दक्षिण आशियाई. कॅलिफोर्नियातल्या डॉ. अलका कनाया यांनी २०१० साली सॅन फ्रान्सिस्को आणि शिकागो परिसरातल्या ९०६ दक्षिण आशियाई लोकांचा ‘मसाला’ नावाचा अभ्यास सुरू केला. मेसाशी ताडून पाहिलं तेव्हा आपल्याकडच्या पुरुषांच्या धमन्यांतलं कॅल्शियम गोऱ्यांच्या बरोबरीचं आणि लॅटिनोंहून जास्त निघालं. मधुमेहाची ओढ दोघांनाही, पण धमनी एकाची कमी घट्ट, एकाची जास्त. का, याचं पूर्ण उत्तर मिळालं तर ते दोघांच्याही कामाचं असेल.

ला प्लाताची दोन पोरं

आता दगड फोडायच्या हत्यारांकडे येऊ. पण त्याआधी ही बंद वाहिनी उघडायची विद्या कुणाच्या हातून आली ते पाहण्यासारखं आहे.

अर्जेंटिनात ला प्लाता नावाचं शहर आहे. तिथे १९२३ साली जन्मलेला रेने फावालोरो तिथल्याच विद्यापीठात डॉक्टर झाला, बारा वर्षं ला पाम्पा प्रांतातल्या एका खेड्यात त्यानं गावची डॉक्टरकी केली आणि मग अमेरिकेतल्या क्लीव्हलंडला गेला. १९६७ च्या मे महिन्यात त्यानं पायातली शीर काढून तिनं हृदयाच्या बंद धमनीला वळसा घालून दिला, आणि बायपास हा शब्द पुढे घराघरांत पोचला.

त्याच ला प्लातात १९४५ साली जन्मलेला, त्याच विद्यापीठात शिकलेला हुलिओ पाल्माझ १९७८ साली न्यू ऑर्लिन्सला एका भाषणाला बसला होता. आंद्रेआस ग्रुंट्सिग हा डॉक्टर बोलत होता. झ्युरिकमध्ये आदल्या वर्षी त्यानं फुग्यानं पहिली हृदयधमनी उघडली होती. फुगा काढला, की धमनी कधी कधी पुन्हा मिटते, ही अडचणही त्यानं सांगितली. मग आत टेकू का देऊ नये? घरी आल्यावर गॅरेजच्या जमिनीवर पडलेला एक पत्र्याचा तुकडा पाल्माझच्या नजरेस पडला. गवंडी प्लास्टरखाली लावतात ती जाळी. शंकरपाळ्यांच्या आकाराची छिद्रं असलेली, ताणली की पसरणारी आणि पसरली की तशीच राहणारी. स्टेंटचा जन्म तिथला. टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओत एका हॉटेलवाल्यानं पैसा घातला, आणि १९९४ साली पाल्माझ-शॅट्झ स्टेंटला हृदयासाठी अमेरिकेत मान्यता मिळाली.

जाळीवर औषधाचा लेप लावायची वेळ आली तेव्हा ते औषधही याच दिशेनं आलं. चिलीच्या ताब्यातल्या रापा नुई, म्हणजे ईस्टर बेटावरून, १९६५ च्या सुरुवातीला एका कॅनडियन मोहिमेनं मातीचे नमुने नेले. मॉन्ट्रियलला त्या मातीतल्या जिवाणूपासून सुरेन सहगल या पंजाबात जन्मलेल्या शास्त्रज्ञानं एक द्रव्य वेगळं केलं. बेटावरून नाव ठेवलं रापामायसिन. कंपनीनं तो प्रकल्प गुंडाळला तेव्हा सहगलांनी जिवाणूंच्या कुप्या घरी नेऊन फ्रीजरमध्ये जपल्या. हेच द्रव्य लावलेला स्टेंट माणसाच्या हृदयात पहिल्यांदा बसला तो १९९९ च्या डिसेंबरात, ब्राझीलमधल्या साओ पाउलोत, एदुआर्दो सौसा यांच्या हातून.

बायपास, स्टेंट आणि स्टेंटवरचा लेप, तिन्हींवर लॅटिन अमेरिकेची मुद्रा आहे.

टाकी, गोफण आणि विजेची ठिणगी

या सगळ्या विद्येला दगड दाद देत नाही. कडक कड्यात बसवलेला स्टेंट पूर्ण उमलत नाही, एका बाजूला दबून राहतो. खडबडीत कडांवर घासून लेप खरवडतो. अशा अर्धवट उमललेल्या जाळीत पुढे गुठळी होते किंवा ती पुन्हा चोंदते. म्हणून डॉक्टर आधी आत डोकावतात. सुतासारख्या नळीच्या टोकाला प्रकाश लावून ती काही सेकंदांत मागे ओढतात आणि धमनीच्या गोल चकत्या पडद्यावर दिसतात, झाडाच्या ओंडक्यावरच्या वर्तुळांसारख्या. कॅल्शियम तिथे रेखीव काठाच्या करड्या पट्ट्यासारखं दिसतं. ते अर्ध्याहून जास्त वर्तुळ व्यापतंय का, अर्ध्या मिलिमीटरहून जाड आहे का, पाच मिलिमीटरहून लांब आहे का, हे तीन प्रश्न. तिन्हींचं उत्तर हो आलं, तर नुसत्या स्टेंटनं भागणार नाही.

पहिलं हत्यार रोटाब्लेटर. डेव्हिड ऑथ या अमेरिकन अभियंत्याची कल्पना, १९९३ पासून तिथे मान्य. तारेवर बसवलेला धातूचा ऑलिव्हच्या आकाराचा मणी, त्याच्या पुढच्या अंगाला हिऱ्याचे सूक्ष्म कण. दाबाखालच्या वायूच्या झोतावर तो मिनिटाला दीड लाखाच्या आसपास फेरे घेतो. आपल्या स्वयंपाकघरातल्या मिक्सरच्या सात-आठपट. एवढ्या वेगाचा मणी धमनी कशी फाडत नाही? हाताचं प्लास्टर कापायची करवत आठवा. लहान मूल तिला बघून किंचाळतं, पण ती कडक प्लास्टर कापते आणि खालच्या मऊ कातडीवर नुसती थरथरते. मऊ धमनी मण्यापुढे मागे सरते, दगडाला सरता येत नाही. पाथरवट जात्याला टाकी लावतो तसा तो खरवडला जातो. पडणारा भुगा रक्तातल्या तांबड्या पेशीपेक्षाही बारीक, त्यामुळे तो केशवाहिन्यांतून निसटतो आणि यकृत-प्लीहेत जाऊन साफ होतो. डॉक्टर मणी रेटत नाहीत. कोंबडी दाणे टिपते तसा पुढे-मागे, पुढे-मागे, दर खेपेला काही सेकंदच. डोळे पडद्यावर असतात, कान मण्याच्या आवाजाकडे. आवाजाची पट्टी उतरली, की मणी अडला, हात लगेच मागे.

दुसरं हत्यार गोफणीच्या जातीचं. २०१३ साली मान्य झालेल्या ऑर्बिटल अ‍ॅथरेक्टॉमीत हिऱ्याचा लेप लावलेला मुकुट तारेवर थोडा एका अंगाला बसवलेला असतो. तो मिनिटाला ८० हजार किंवा १ लाख २० हजार वेगानं फिरतो आणि वेग वाढवला की त्याची कक्षा रुंदावते. जाताना घासतो, येतानाही घासतो.

तिसऱ्याची गोष्ट सर्वात न्यारी. विमानं बनवणाऱ्या डॉर्निए या जर्मन कंपनीत, अतिवेगानं उडणाऱ्या विमानावर पावसाचे थेंब आदळून पत्र्याला खळगे का पडतात, याचा शोध चालू होता. त्यातून आघातलहरींचं ज्ञान हाती आलं. त्या ज्ञानातून म्युनिकला ७ फेब्रुवारी १९८० या दिवशी क्रिस्तियान शाउसी यांनी एका रुग्णाचा मुतखडा शरीराबाहेरून फोडला. आपल्याकडे आज तालुक्याच्या गावीही लोकांना ठाऊक असलेलं हे ‘लिथोट्रिप्सी’चं तंत्र पुढे कॅलिफोर्नियातल्या काही मंडळींनी तीन मिलिमीटरच्या धमनीत नेलं. २०२१ च्या फेब्रुवारीत त्याला हृदयासाठी अमेरिकेत परवानगी मिळाली. आता ते पुण्या-मुंबईच्या कॅथलॅबमध्येही वापरलं जातं.

फुग्याच्या आत सलाइन आणि दोन इवलेसे ठिणगी पाडणारे बिंदू. फुगा फक्त ४ अ‍ॅटमॉस्फिअर दाबावर, धमनीच्या भिंतीला हलकेच टेकलेला. मग बटण. ठिणगी पडते, पाण्याचा बुडबुडा होतो, फुटतो, आणि त्यातून निघालेली लहर मऊ ऊतीतून अलगद पार होऊन दगडावर आदळते. क्षणभर सुमारे ५० अ‍ॅटमॉस्फिअरचा धक्का. सेकंदाला एक, दहाचा एक फेरा. कधी कधी हृदय आपला ताल सोडून त्या धक्क्यांच्या ठेक्यावर चालू लागतं. फेरा संपला की पुन्हा आपल्या चालीवर येतं. मग तोच फुगा पुन्हा थोडा भरतात, ६ अ‍ॅटमॉस्फिअर. वीसला न हटलेली कंबर सहाला उलगडते. डमरू जातो, पडद्यावर सरळ नळी उरते. आतून पुन्हा पाहिलं, तर करड्या पट्ट्यात बारीक काळ्या चिरा दिसतात. दगड जागच्या जागी तडकलेला असतो.

इतकं वाचल्यावर वाटेल, की दगड दिसला की मणी फिरवावा. २,००५ रुग्णांवर अमेरिकेत झालेल्या ‘एक्लिप्स’ चाचणीनं हा उत्साह आवरला. निम्म्यांना आधी गोफणवाल्या मुकुटानं घासलं, निम्म्यांना साध्या, जास्त दाबाच्या फुग्यांनी तयार केलं, मग सगळ्यांना स्टेंट. वर्षभरानं दोन्हीकडचे निकाल जवळपास सारखे निघाले. फुगा जिथे जाऊ शकतो तिथे पुष्कळदा फुगाच पुरतो. महागडं हत्यार कधी काढायचं, हे आत नीट पाहिल्यावर ठरतं.

टेबलापर्यंतची वाट

म्हणजे धमनीतला दगड ही आता बऱ्याच अंशी सुटलेली अडचण आहे. अमेरिकेतल्या लॅटिनो रुग्णापुढची उरलेली अडचण कॅथलॅबच्या दाराबाहेर सुरू होते. तिथे हिस्पॅनिकांत विमा नसलेल्यांचं प्रमाण गोऱ्यांच्या दुपटीहून जास्त आहे. विमा नाही म्हणून मधुमेह उशिरा कळतो, मूत्रपिंडं दमतात, आणि मूत्रपिंडं दमली की धमन्यांचं हाड होण्याची गती वाढते. टेक्साससह काही राज्यांत, कागदपत्रं नसलेल्या स्थलांतरिताला अनेक ठिकाणी वर्षानुवर्षं नियमित डायलिसिस मिळालं नाही. जीव धोक्यात आला, की तेवढ्यापुरतं. ज्या आजारात दगड सर्वात जोमानं वाढतो, नेमका त्यातच उपचाराला खंड. या यंत्रांच्या चाचण्यांमध्येही लॅटिनो माणसं त्यांच्या लोकसंख्येच्या मानानं कमीच घेतली गेली आहेत. त्यामुळे त्यांच्या धमनीत कोणतं हत्यार कसं चालतं, हे बहुतांशी इतरांवरून ताडावं लागतं.

आणि भाषा. छातीत ‘आवळल्यासारखं’ होतं की ‘जळजळतं’, हे माणूस आपल्याच भाषेत नेमकं सांगू शकतो. साताऱ्याच्या आजीला लंडनच्या दवाखान्यात ‘जीव घाबरा होतो’ हे इंग्रजीत सांगून पाहायला सांगा. म्हणून लॅटिनो वस्त्यांत ‘प्रोमोतोरा’ घरोघर जातात. वस्तीतल्याच, वस्तीची भाषा बोलणाऱ्या बाया. साखर मोजून घे, गोळी सोडू नकोस, दम लागतो तर चल, असं सांगणाऱ्या. आपल्या आशाताईंच्या बहिणीच त्या. हिऱ्याच्या मण्याइतकं त्यांचं काम कुणाला दिपवत नाही, पण दगड होण्याआधी पोचणारं हत्यार तेच आहे.

रापा नुईवर जिथली माती नेली, तिथे आज एक पाटी उभी आहे. ब्राझीलच्या संशोधकांनी २००० साली लावलेली, पोर्तुगीज भाषेतली. त्या बेटावरच्या मातीतलं औषध आज जगभर असंख्य हृदयांत जाळीला चिकटून आहे.

आपल्या घरात कुणाची अँजिओ झाली आणि ‘ब्लॉकमध्ये कॅल्शियम आहे’ असं कानावर आलं, तर हबकू नका. डॉक्टरांना शांतपणे दोन गोष्टी विचारा: कॅल्शियम वर्तुळाच्या किती भागात आहे, आणि स्टेंटआधी आतून पाहणार आहात का? आणि ज्यांची अँजिओ झालेली नाही, त्यांनी साखर, रक्तदाब आणि मूत्रपिंडांसाठी क्रिएटिनिन या महिन्यात एकदा तपासून घ्या. दगड फोडायला दीड लाख फेरे लागतात; या तपासणीला रक्ताची एक नळी आणि दंडावरचा पट्टा पुरतो.